मॉरिशसला जाताय? गणपतीत जा!

मॉरिशस म्हटले की डोळ्यांसमोर काय येते? निळा समुद्र, पांढरी वाळू आणि हनिमूनचे पॅकेज. ते सगळे आहेच. पण तुम्ही मराठी असाल, तर हा देश तुम्हाला आणखी एक गोष्ट दाखवू शकतो. तिथे गणेशोत्सवाची चक्क राष्ट्रीय सुट्टी असते!

हिंदी महासागरातले हे बेट जेमतेम 2,000 चौरस किलोमीटरचे. गंमत म्हणजे इथे मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. आधी डच आले, मग फ्रेंच आणि 1810 मध्ये इंग्रज. उसाच्या मळ्यांत राबायला आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले गेले. 1835 मध्ये गुलामी संपली आणि मळेवाल्यांनी भारताकडे मोर्चा वळवला. कराराने बांधलेले साडेचार लाखांच्या आसपास मजूर पुढच्या काही दशकांत या बेटावर उतरले. बिहारी आणि तमिळ लोकांबरोबरच मुंबई बंदरातून आपल्या कोकणातलेही.

राजधानी पोर्ट लुईमध्ये बंदराला लागून 'आप्रवासी घाट' आहे. तिथे जरूर जा. बोटीतून उतरलेले लोक ज्या सोळा दगडी पायऱ्या चढून वर आले, त्या अजून आहेत. 2006 पासून हे ठिकाण जागतिक वारसा यादीत आहे. पाहायला तासभर पुरतो, पण घाई करू नका. मुलांना त्या पायऱ्यांपाशी उभे करा आणि सांगा, की इथे आलेल्या बहुतेकांनी आपले गाव पुन्हा पाहिले नाही.

मराठी कुठे भेटेल?

लोकसंख्येच्या मानाने मराठी माणसे तिथे थोडीच. पश्चिमेकडे कास्काव्हेल, मधल्या पठारावर व्हाकोआ अशा भागांत ती विशेष दिसतात. पाटीवरची आडनावे पाहून मात्र फसाल. दफ्तरात नोंद करताना अनेकदा बापाचे नावच आडनाव म्हणून लिहिले गेले आणि स्पेलिंगवर इंग्रजी-फ्रेंच संस्कार झाले. त्यामुळे कुळकर्णी, सावंत शोधू नका.

गणपतीत मात्र शोधायची गरजच पडत नाही. घरोघरी मूर्ती, आरत्या आणि विसर्जनाला नदीवर किंवा समुद्रावर निघालेल्या मिरवणुका. त्यांत 'झाकरी' नाच दिसला, तर थांबून पाहा. ही आपल्या कोकणातली जाखडीच! बोटीतून आलेल्यांनी ती सोबत नेली आणि नातवंडा-पतवंडांनी टिकवली. मोका इथे एप्रिल 2023 मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला आहे.

पण खरे सांगायचे, तर तिथल्या मराठी घरात बोलली जाते ती बहुधा क्रिओल. फ्रेंचच्या पोटातून जन्मलेली ही भाषा तिथे सगळ्यांची आहे. मराठी शाळेत विषय म्हणून शिकवतात, आरतीत आणि भजनात ती असते. चहा मागताना नसते. आम्ही चंदीगडला राहतो. आमची मुले आपसांत हिंदीत भांडतात तेव्हा पोटात कसेसे होते. इथे तर आजी-आजोबा फोनवर रोज मराठी बोलतात. तिथे सात समुद्रांपलीकडे, गावाशी संपर्क तुटलेला असताना पाच-सहा पिढ्या आरती पाठ राहिली, याला काय म्हणावे? म्हणून तिथे कोणी अडखळत मराठी बोलले, तर चूक काढू नका. सावकाश, सोपे मराठी बोला. आणि तुम्ही 'की मान्येर?' म्हणजे 'कसे आहात?' एवढे क्रिओल शिकून जा. चेहरे खुलतात!

खा, ऐका, फिरा

रस्त्यावर 'धोल पुरी' मिळते. डाळीचे सारण भरलेली मऊ, पातळ पोळी, वर रस्सा आणि चटणी. पुरणपोळीची तिखट चुलतबहीणच म्हणा ना! ती जोडीनेच विकतात. चिनी नूडल्स आणि बिर्याणीही तितकीच तिथली. संध्याकाळी 'सेगा' ऐका. गुलामांच्या वस्त्यांतून आलेले हे संगीत 'राव्हान' नावाच्या बकरीच्या कातड्याच्या डफावर चालते. वाजवण्याआधी तो शेकोटीवर तापवतात. हॉटेलातल्या कार्यक्रमापेक्षा गावातला सेगा बरा.

शामारेलची रंगीत माती, ल मोर्नचा डोंगर, गंगा तलाव ही ठिकाणे तर प्रत्येक टूरमध्ये असतातच. गंगा तलावाला महाशिवरात्रीला लोक कावड घेऊन पायी जातात.

ऑगस्ट-सप्टेंबर हा तिथला हिवाळा. पाऊस कमी, हवा सुखद. पठारावर गारठा असतो, तेव्हा स्वेटर घ्या. वारा पूर्व किनाऱ्यावर जास्त, म्हणून राहायला पश्चिम किंवा उत्तर किनारा बघा. डिसेंबर ते मार्च उकाडा आणि चक्रीवादळांचा काळ. मुंबईहून विमानाला सहा तासांच्या आसपास लागतात आणि घड्याळ दीड तास मागे करावे लागते. व्हिसाचे नियम निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर तपासून घ्या.

आणि हो, बॅगेत एखादे मराठी गोष्टींचे पुस्तक टाका. गणपतीच्या घरी रिकाम्या हाताने जायचे नसते, आणि मिठाई तिथेही मिळते.