आत्या, फॉर्म भर ना!

ऑफिसात माझी ख्याती 'फॉर्मवाली' अशी आहे. कुणाचा मेडिक्लेम अडकला, कुणाच्या टॅक्स रिटर्नमध्ये घोळ झाला, की मंडळी कॉफीचा कप घेऊन माझ्या डेस्कपाशी हजर! पण मागच्या दिवाळीत भूमला घरी गेले आणि लक्षात आलं, जगाचे फॉर्म भरणाऱ्या या आत्याबाईंनी स्वतःच्या भाच्यांसाठी एकही फॉर्म भरलेला नाही.

आमच्या भूमकडे खव्याच्या भट्ट्या पुष्कळ. त्यातल्याच एका भट्टीला दादा दूध घालतो. घरात केशरी रेशनकार्ड. मोठी भाची 2021 ची, धाकटी तेव्हा आठ महिन्यांची. रात्री जेवणं उरकल्यावर वहिनीनं साडीच्या दुकानाची एक पिशवी माझ्यापुढं रिकामी केली. "ताई, अंगणवाडीच्या बाई म्हणत्यात पोरीचं पैसे मिळत्यात. कागद तेवढे बघा की."

बघितले, आणि झोपच उडाली.

सहा हजार, पण 270 दिवसांत

पहिली योजना केंद्राची, प्रधानमंत्री मातृ वंदना. पहिल्या बाळासाठी 5,000 रुपये, दोन हप्त्यांत. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर 6,000, एकरकमी. पैसे जमा होतात आईच्या, आधारशी जोडलेल्या खात्यात. मात्र दुसऱ्या मुलीसाठी जन्मापासून 270 दिवसांच्या आत अर्ज झालाच पाहिजे. मी मोबाइलवर दिवस मोजले. उरले होते 19! त्यात वहिनीचं आधार सासरच्या नावानं आणि पासबुक माहेरच्या. भाऊबीज झाली, बँक उघडली आणि पहिल्या रांगेत आम्ही दोघी.

आता हे सगळं 'गावाकडचं' समजून पान उलटू नका. या योजनेत बसायला अनेक निकष आहेत आणि त्यातला कुठलाही एक पुरतो. त्यातलाच एक म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपेक्षा कमी. सरकारी नोकरीतल्या किंवा कायद्यानं असाच लाभ मिळणाऱ्या महिला यात येत नाहीत. पण नवरा कंपनीत आणि बायको घरी, असं जोडपं आपल्याच मजल्यावर असेल की! माझ्या टीममधल्या एकाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, मला वाटलं हे फक्त बीपीएलवाल्यांना."

एक लाख एक हजार, आणि एक घडी घातलेला कागद

दुसरी योजना राज्याची, लेक लाडकी. 1 एप्रिल 2023 किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीसाठी. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी, उत्पन्न लाखाच्या आत. जन्मल्यावर 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि 18 वर्षं पूर्ण झाल्यावर 75,000. एकूण 1 लाख 1 हजार. शेवटच्या हप्त्याच्या वेळी मुलगी अविवाहित हवी, ही यातली मला सगळ्यात आवडलेली अट.

मोठीचा जन्म आधीचा, त्यामुळे ती बाहेर. धाकटी आत. पण दुसऱ्या बाळासाठी आई किंवा वडील, दोघांपैकी एकाच्या कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेचा दाखला लागतो. मी यादी मोठ्यानं वाचत होते. आई शेजारीच वाती वळत बसलेली. 'शस्त्रक्रिया' हा शब्द आला आणि वहिनी एकदम गप्प झाली.

पिशवीच्या तळातून दादानंच एक घडी घातलेला कागद काढला. दाखला होता, आणि त्यावर नाव दादाचं.

खोलीत कुणी बोलेना. तिसऱ्या वेळी तरी नातू, हे आईचं स्वप्न आम्हा सगळ्यांना पाठ होतं. "बार्शीला कामाला जातो म्हणालास, ते ह्याच्यासाठी व्हय?" तिनं विचारलं. दादा खाली बघून म्हणाला, "दोघी शिकल्या म्हंजे झालं, आई."

आईनं वात पुरी वळली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "लिही गं मंग नीट. चुकवू नको काही."

मोठीचं काय?

तिला आत्याची ओवाळणी म्हणून सुकन्या समृद्धी खातं काढायचं ठरवलं. खातं आई-वडिलांनीच काढावं लागतं, म्हणून दादाला घेऊन पोस्टात गेले. मुलगी 10 वर्षांच्या आत हवी. वर्षाला किमान 250 रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. पैसे 15 वर्षं भरायचे, खातं 21 वर्षांनी मुदतीला येतं. 18 नंतर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. व्याजाचा आढावा सरकार दर तिमाहीला घेतं; जानेवारी 2024 मध्ये तो दर 8.2 टक्के झाला. महिन्याला हजार रुपये म्हणजे माझ्या दोन वीकेंडच्या पिझ्झाचे पैसे. दिले.

फ्रिजवर चिकटवा

* बाळाच्या जन्माची नोंद 21 दिवसांत करा. पुढचे सगळे अर्ज त्या दाखल्यावर चालतात.
* आईच्या नावाचं खातं हवं. आधार, पासबुक, रेशनकार्ड, तिन्हीवर स्पेलिंग एकच हवं.
* आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. 2023 मध्ये तिची रक्कम महिन्याला 2,250 रुपये झाली. चौकशी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात.
* लेक लाडकीचा अर्ज अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी 2023 नंतर नात झालीय का, एवढं विचारा.

परवा ऑफिसात मीटिंग चालू असताना फोन थरथरला. वहिनीचा मेसेज, सोबत पासबुकाचा फोटो. सहा हजार जमा! खाली एकच ओळ: 'ताई, आई म्हणत्यात शेजारच्या सुनेचे पण कागद बघायचेत. कधी येताय?'