बोटीवरचा फ्यूज नक्की कोणाला वाचवतो?

आजचा विषय आहे बोटीवरचा फ्यूज. "फ्यूज ना, त्यात काय एवढं?" असं वाटेल. पण घरात वायरिंगने पेट घेतला तर आपण धावत रस्त्यावर येतो. समुद्रात रस्ता नसतो.

आधी एक गैरसमज दूर करू. फ्यूज पंप किंवा जीपीएस वाचवायला असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर त्याचं पहिलं काम असतं वायर वाचवणं.

साधं गणित करू. १२ व्होल्टची बॅटरी. तिची पॉझिटिव्ह वायर इंजिनाच्या हादऱ्यांनी घासून उघडी पडली आणि इंजिनाला टेकली. बहुतेक बोटींवर इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेलं असतं, म्हणजे थेट शॉर्ट. बॅटरी आणि वायर मिळून रोध ०.०१ ओहम धरला, तर करंट होतो १२०० अँपिअर! वायर २० अँपिअरची असेल तर हा झाला ६० पट. आणि उष्णता वाढते करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ३६०० पट. मग इन्सुलेशन पेटायला कितीसा वेळ लागणार?

आता फ्यूज कुठे बसवायचा? फ्यूज फक्त आपल्या पुढची वायर वाचवतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा उघडाच राहतो. म्हणून फक्त स्टिअरिंगजवळच्या पॅनेलवर फ्यूज असून भागत नाही. अमेरिकेतल्या एबीवायसी या संस्थेचं ई-११ हे मानक सांगतं, की फ्यूज वीज जिथून निघते तिथून ७ इंचांच्या आत हवा. वायर नळीत किंवा आवरणात असेल तर अंतरात सूट मिळते. इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टरच्या केबललाही सूट आहे.

मग केवढा लावायचा? वरची मर्यादा वायर ठरवते. पण बिल्ज पंपाचं, म्हणजे तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचं बघा. त्यात चिंधी अडकली की मोटर फिरायची थांबते, पण करंट ओढतच राहते, तोही नेहमीपेक्षा बराच जास्त. वायर तो सोसेल, मोटर जळेल. म्हणून इथे पंपावर लिहिलेल्या रेटिंगचाच फ्यूज हवा. तो सारखा उडतोय म्हणून मोठा लावणं म्हणजे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत अलर्ट म्यूट करणं. बग तसाच राहतो, फक्त आता तो कळवत नाही.

शेवटचा मुद्दा: घरातला एमसीबी बोटीच्या बॅटरीवर चालेल का? घरचा एसी करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला मदत होते. डीसी शून्यावर येतच नाही. तिथे ठिणगी चालूच राहू शकते. म्हणून डीसीसाठीचाच ब्रेकर घ्या. लिथियम बॅटरीचा शॉर्ट करंट तर प्रचंड असतो. तिथे क्लास टी फ्यूज वापरतात, जो २०,००० अँपिअरपर्यंतचा करंट तोडू शकतो.

तर पुढच्या वेळी बोटीवर गेलात, की बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवरून निघणारी एकेक वायर नजरेने पुढे बघत जा. पहिला फ्यूज किती लांब आहे? हात लावू नका, फक्त मोजा. काय दिसलं ते कळवा. भेटूया पुढच्या भागात!