रात्रीचे दूध किती?

तान्ह्या बाळाला रात्री किती दूध पाजावे, असे आयाबाया आम्हांस नेहमी विचारतात. अंगावरचे दूध पळीने मोजता येत नाही. मोजण्याचे कारणही नाही. नवजात बाळाचे पोट लहान. म्हणून ते दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पिते. दूध उत्पन्न करणारे प्रोलॅक्टिनही आईच्या शरीरात रात्री अधिक स्रवते. बाळ रडले, की दूध पुरत नाही असे ठरवून आपण वरचे दूध पाजतो. मग बाळ अंगावर कमी ओढते आणि आईचे दूध खरोखरच आटते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत 6 तरी लंगोट ओले होत असतील व वजन वाढत असेल, तर दूध पुरते असे समजावे. लंगोट कोरडे राहिले, बाळ मलूल दिसले, तर मात्र सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.