सांभाळून घेणारी रंगभूमी

संगीत रंगभूमीच्या इतिहासात गळ्यांची थोरवी आणि गल्ल्यांचे आकडे विपुल नोंदले गेले. परंतु सहनटाचे पद चालू असताना त्याच्याकडे मन लावून पाहत जो नट निश्चल उभा राहिला, त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने सुरू झालेल्या परंपरेचा मागोवा घेताना मला या अनामिक निश्चलतेचेच मोल अधिक वाटते.

त्या काळी 'वन्स मोअर'च्या गजरात तेच पद दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा रंगे, आणि तेवढा वेळ समोरच्या पात्राला ना वाक्य असे, ना हालचाल. त्याने नुसता शेला सावरला, तरी साऱ्या नाट्यगृहाचे डोळे तिकडे वळत आणि गाणाऱ्याने जमवलेला रस क्षणात उणावे. उलट तो खरोखर ऐकत असला, तर प्रेक्षकही त्याच्याबरोबर ऐकू लागत. नवखे पोर नक्कल विसरून भांबावले, तर "राजवाड्यातून निरोप आला आहे, असेच ना सांगायचे आहे तुला, बाळ?" असा आयत्या वेळचा प्रश्न घालून त्याचे हरवलेले वाक्य त्याच्या हाती परत देणारा, आणि पडदा पडल्यावर रंगपटात त्याचा उच्चारही न करणारा बुजुर्ग नट, हे या व्यवसायाचे खरे वैभव होय. नाटकवाल्यांच्या बोलीत याला साधा शब्द आहे: सांभाळून घेणे.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग झाला, त्याच दिवशी बालगंधर्वांची कन्या वारली. तरीही ते भामिनी म्हणून उभे राहिले. या प्रसंगात प्रेक्षकांवरील भक्ती सर्वांनी पाहिली. मला त्यात आणखी काही दिसते. खाडिलकरांचे शब्द, गोविंदराव टेंब्यांच्या चाली आणि साऱ्या मंडळींची तालमीतली मेहनत ज्या एका रात्रीवर अवलंबून होती, ती आपल्या दुःखापायी तहकूब होऊ नये, अशी सोबत्यांविषयीची जबाबदारीही त्या धैर्यामागे असली पाहिजे.

पुढे दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झाले. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या प्रतिस्पर्धी संस्थांचे दोन चालक त्या रात्री एका नाटकात उतरले होते: बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. 'शारदे'च्या भूमिकेने बालवयातच नाव मिळवलेले केशवराव येथे पुरुषपात्र घेऊन उभे राहिले. दोघांच्या चाहत्यांचे पक्ष होते, आणि कोण कोणावर मात करतो ते पाहण्याची उत्कंठाही होती. परंतु नायकाच्या तेजावाचून नायिकेचे मन वळत नाही आणि नायिकेच्या मानावाचून नायकाच्या अपमानाला धार येत नाही, अशीच या नाटकाची रचना आहे. तेथे एकाला पाडून दुसऱ्याला उंच होता येत नाही. त्या रात्रीची कीर्ती दोघांच्या नावे एकत्र जमा झाली, याचे मर्म मला येथे दिसते.

आज तालमीत संवादफेक शिकवली जाते, उभे कसे राहावे हेही शिकवले जाते. त्याच आस्थेने दुसऱ्याचे ऐकणेही शिकवले जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण सौजन्य हे अभिनयाला बाहेरून लावलेले भूषण नसून अभिनयाचेच अंग आहे.

त्या संयुक्त प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी निवर्तले. जाण्यापूर्वी त्यांनी १९०८ मध्ये हुबळीस स्थापिलेल्या आपल्या मंडळीचा कारभार सहकारी नट बापूराव पेंढारकर यांच्या हाती सोपवला होता. बापूरावांनी तो १९३७ मध्ये देह ठेवीपर्यंत चालवला.