कोंबडीची वकिली, कंपनीच्या दारात

हॉटेलातील ऑम्लेट, बेकरीतील केक किंवा बाटलीबंद मेयोनेज यांच्यामागे कोंबडी असते, हे सर्वांना ठाऊक असते. ती कोठे आणि कशी जगते, याचा विचार मात्र सहसा होत नाही. हा विचार सामान्य ग्राहकाऐवजी अंडी घाऊक विकत घेणाऱ्या कंपनीच्या गळी उतरवणे, हे आता जगभर एक पूर्णवेळ काम झाले आहे. प्राणिकल्याण संस्थांमध्ये ते करणाऱ्यांना ‘कॉर्पोरेट कॅम्पेनर’ म्हणतात. वकील, विक्री प्रतिनिधी आणि आंदोलक या तिन्ही भूमिका त्यांना आलटून पालटून वठवाव्या लागतात.

या कामाच्या मुळाशी साधे गणित आहे. एका माणसाने अंडे सोडले किंवा बदलले, तर वर्षाकाठी फार तर एखाद्‍दुसऱ्या कोंबडीच्या वाट्याला फरक पडतो. याउलट, मॅक्डोनल्ड्स कंपनीने २०१५ साली पिंजऱ्यातील कोंबड्यांची अंडी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा तिची एकट्या अमेरिकेतील खरेदी वर्षाला सुमारे दोन अब्ज अंड्यांची होती. खरेदीच्या करारातील एका कलमाने लाखो पक्ष्यांचे जिणे बदलू शकते. म्हणूनच हा कार्यकर्ता चौकात पत्रके वाटण्यापेक्षा कंपनीच्या खरेदी विभागाचे दार ठोठावणे पसंत करतो.

मागणी कशाची?

व्यापारी तत्त्वावर अंडी देणाऱ्या ‘लेयर’ कोंबड्या बहुतांशी तारेच्या पिंजऱ्यांच्या रांगांमध्ये ठेवल्या जातात. ए-फोर आकाराच्या कागदाचे क्षेत्रफळ सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर असते. अशा पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला येणारी जागा बहुधा त्याहूनही कमी असते. तेथे तिला पंख पसरता येत नाहीत, धुळीत लोळता येत नाही आणि अंडी घालण्यासाठी आडोसा शोधता येत नाही. ही तिची उपजत गरज आहे, असे पक्ष्यांच्या वर्तनाचे अभ्यासक सांगतात. युरोपीय संघाने १९९९ साली निर्देश काढून असे साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. इतरत्र कायदा पोहोचला नव्हता, तेथे कंपन्यांकडून स्वेच्छेने वचन घेण्याचा मार्ग रूढ झाला.

या मार्गाचे आद्य प्रवर्तक म्हणून हेन्री स्पायरा यांचे नाव घेतले जाते. बेल्जियममध्ये १९२७ साली जन्मलेले स्पायरा अमेरिकेत आधी खलाशी आणि पुढे शाळाशिक्षक होते. सौंदर्यप्रसाधनांच्या चाचणीसाठी सशांच्या डोळ्यांत रसायने घालण्याच्या प्रथेविरुद्ध त्यांनी रेव्हलॉन कंपनीशी बोलणी सुरू केली. ती फळाला येईनात, तेव्हा एप्रिल १९८० मध्ये त्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरात दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने पर्यायी चाचण्यांच्या संशोधनासाठी रॉकफेलर विद्यापीठाला साडेसात लाख डॉलर देण्याचे मान्य केले. आधी संवाद, मग दबाव आणि प्रतिपक्षाला मानाने माघार घेण्यास वाव, ही त्यांची त्रिसूत्री होती. पुढे त्यांनी आपले लक्ष शेतीतील प्राण्यांकडे वळवले. १९९८ साली त्यांचे निधन झाले. त्यांची रीत मात्र टिकली.

पत्रापासून निदर्शनांपर्यंत

आजच्या कार्यकर्त्याचा दिवस बहुतेक कागदांतच जातो. कंपनी अंडी कोणाकडून घेते, कोणत्या रूपात घेते (कवचासह, द्रवरूप की भुकटी), निर्णय कोणाच्या हाती आहे, प्रतिस्पर्ध्यांनी काय जाहीर केले आहे, याची टिपणे आधी तयार होतात. मग विनंतीपत्र, स्मरणपत्र आणि बैठक. बैठकीत करुणेच्या गोष्टी फारशा चालत नाहीत. पुरवठादार कोण, भाव किती वाढेल, मुदत किती मिळेल, हेच प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे तयार असावी लागतात. दाद मिळाली नाही, तर ग्राहकांची पत्रे, भागधारकांच्या सभेत प्रश्न, कार्यालयासमोर निदर्शने असा दबाव वाढत जातो. ज्या अधिकाऱ्याच्या कंपनीविरुद्ध काल फलक धरला, त्याच्याशी उद्या पुन्हा टेबलावर बसायचे असते. त्यामुळे आरोप अचूक आणि भाषा संयत ठेवणे, ही या कामाची पहिली अट ठरते.

यश नजरेत भरणारे आहे. २०१६ साली सोडेक्सो आणि २०१७ साली नेस्ले या कंपन्यांनी जगभरातील आपल्या व्यवसायासाठी २०२५ ची मुदत जाहीर केली. मॅक्डोनल्ड्सने अमेरिकेतील उद्दिष्ट मुदतीआधी, २०२३ च्या अखेरीस गाठल्याचे सांगितले. परंतु वचन मिळाले म्हणजे काम संपले, असे होत नाही. बर्ड फ्लूची साथ आणि महागाई यांची कारणे देत अनेक कंपन्यांनी मुदती लांबवल्या किंवा प्रगतीचे आकडे देणेच थांबवले. सरकारेही याला अपवाद नाहीत. पिंजरे हटवण्यासाठी सुमारे १४ लाख युरोपीय नागरिकांनी सह्या केल्यावर २०२३ च्या अखेरपर्यंत प्रस्ताव आणण्याचे आश्वासन युरोपीय आयोगाने २०२१ मध्ये दिले. ती मुदत प्रस्तावाविनाच उलटली. साहजिकच, नवी वचने मिळवण्याइतकाच वेळ आता जुन्या वचनांच्या वसुलीत जातो.

भारतातील पेच

भारतात २०२३-२४ मध्ये १४२ अब्जांहून अधिक अंड्यांचे उत्पादन झाले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, हालचालीला पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा गुन्हा मानतो. विधी आयोगाने जुलै २०१७ मधील २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्या निवाऱ्यासाठी स्वतंत्र नियमांचा मसुदाही मांडला. तरीही येथे कंपन्यांमार्फत बदल घडवणे सोपे नाही. बहुतांश अंडी पोल्ट्रीतून व्यापाऱ्याकडे आणि तेथून किराणा दुकानात सुटी जातात. त्या साखळीत वचन देणारी मोठी कंपनीच नसते. वचन देणाऱ्या हॉटेलांना आणि खाद्यकंपन्यांना पिंजरामुक्त अंड्यांचा सलग पुरवठा मिळणे कठीण जाते.

यात सर्वांत अवघड प्रश्न शेतकऱ्याचा आहे. पिंजरामुक्त शेडला जागा, मजूर आणि खाद्य जास्त लागते. पिंजऱ्यांसाठी काढलेले कर्ज फिटलेले नसताना ते मोडीत काढण्याचा भार कोणी उचलायचा? जादा भाव देण्याचा लेखी, दीर्घ मुदतीचा करार कंपनीने केला नाही, तर तिच्या औदार्याची किंमत पोल्ट्रीवाला मोजतो. म्हणून जाणते कार्यकर्ते मागणीपत्रात मुदतीबरोबर दराचाही मुद्दा घालतात.

आक्षेप दुसऱ्या बाजूनेही येतात. पिंजरा गेला तरी चोच छाटणे आणि अंड्याच्या व्यवसायाला निरुपयोगी ठरणारी नर पिल्ले मारणे बहुतेक ठिकाणी चालूच राहते. अशा सुधारणांनी ग्राहकाचे मन निर्धास्त होते आणि मूळ प्रश्न मागे पडतो, असे प्राण्यांच्या वापरालाच विरोध करणारे म्हणतात. त्यावर, आज पिंजऱ्यात असलेल्या कोंबडीला आजच थोडी मोकळीक मिळावी, हे सुधारणावाद्यांचे उत्तर असते. हा वाद मिटलेला नाही.

शहरी ग्राहकाने एवढे तरी ध्यानात घ्यावे, की कवचाचा तपकिरी रंग कोंबडीची जात सांगतो, तिचे राहणे नव्हे. ‘गावरान’ म्हणून जादा पैसे मोजताना ती कोंबडी खरोखर मोकळी होती का, हे दुकानदाराला विचारता येते. हॉटेलाने पिंजरामुक्त अंड्यांचे वचन जाहीर केले असेल, तर ते कोठवर आले, हेही विचारता येते. प्रश्न विचारणारे गिऱ्हाईक असले, की बैठकीतील कार्यकर्त्याच्या शब्दाला वजन येते.