खांद्यावरचा हिशेब

कादंबरीतली बंदूक चालवायला फार सोपी असते. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर आमची पिढी पोसली, पण नायकाच्या पिस्तुलात किती गोळ्या शिल्लक आहेत, हे आम्ही कधी मोजले नाही. झाडीपट्टीच्या नाटकातही विंगेत फटाका फुटला की गोळी सुटली असे मानायला प्रेक्षक आनंदाने तयार असतो. मग साठी उलटलेल्या, आयुष्यभर खतावण्या तपासलेल्या माणसाने एका काल्पनिक शस्त्रासाठी दोन महिने कागद का खराब करावेत?

कारण आमच्याकडचा वाचक. गोंदिया 1 मे 1999 रोजी वेगळा जिल्हा झाला. त्याआधी आम्ही भंडाऱ्याचेच, आणि भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. इकडे कुणाचा मेहुणा तिथे कामाला असतो, कुणाचा पुतण्या पोलिसात. अशा वाचकाला वाटेल ती बंदूक खपवता येत नाही.

नव्या कादंबरीत एक निवृत्त फिटर आहे. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या आराखड्यांवर काम केले. आता ओसरीवर बसून तो स्वतःचे एक शस्त्र कागदावर उतरवतो. एकापाठोपाठ सहा ग्रेनेड फेकणारे, रिव्हॉल्व्हरसारखे चक्र फिरणारे, आणि मुख्य म्हणजे खांद्याला कमीत कमी धक्का देणारे. ते तयार कधीच होत नाही. पण कागदावर तरी ते खरे वाटले पाहिजे.

ही अडचण थोरामोठ्यांनाही आलेली आहे. इयान फ्लेमिंगने जेम्स बाँडच्या हाती चिमुकले बेरेटा पिस्तूल दिले होते. 1956 मध्ये जेफ्री बूथरॉइड नावाच्या, शस्त्रांची जाण असलेल्या वाचकाने पत्र पाठवून सुनावले की हे शस्त्र अशा माणसाला शोभत नाही. फ्लेमिंग रागावला नाही. 1958 च्या 'डॉक्टर नो'मध्ये बाँडकडे वॉल्थर पीपीके आले, आणि ते सुचवणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव ठेवले मेजर बूथरॉइड! वाचकाची एवढी कदर करणारा लेखक विरळा.

फिरत्या चक्राची कल्पना तर फारच जुनी. जेम्स पकल नावाच्या लंडनच्या वकिलाने 1718 मध्ये तशा तोफेचे पेटंट घेतले होते. ख्रिश्चनांसाठी गोल गोळ्या आणि तुर्कांसाठी चौकोनी, अशी त्याची योजना. माणसाची बुद्धी कुठे खर्ची पडेल, सांगता येत नाही. सहा ग्रेनेडचे आधुनिक लाँचर दक्षिण आफ्रिकेत 1983 च्या सुमारास आले, आणि आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या कारखान्यात तसे बनते. म्हणजे माझ्या फिटरचे चक्र काही अजब नाही. खरी मेख आहे ती धक्क्याची.

नवेगावबांधच्या तलावात डोंग्यातून काठावर उडी मारून पाहा. तुम्ही पुढे गेलात की डोंगा मागे सरकतो. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच, आणि आम्हा बँकवाल्यांना तो लगेच पटतो. एका खात्यात जमा दिसली की दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात तेवढीच नावे पडलेली असते. चाळीस मिलिमीटरच्या काडतुसातला गोळा साधारण 180 ग्रॅमचा, वेग सेकंदाला 76 मीटर. इन्सास रायफलची गोळी जेमतेम चार ग्रॅमची, वेग नऊशेच्या आसपास. वजन आणि वेग यांचा गुणाकार करा. ग्रेनेडचा आकडा तिपटीहून जास्त भरतो. ही रक्कम कुणाच्या तरी नावे पडणारच.

ती हप्त्यांनी मात्र फेडता येते. स्प्रिंग लावली की तोच धक्का थोडा लांबतो आणि खांद्याला सोसवतो. शस्त्र जड केले की ते मागे सावकाश येते. आणि कार्ल गुस्ताफसारख्या शस्त्रात वायू मागच्या तोंडाने सोडून देतात. तिथे खांदा वाचतो, पण मागे उभा असलेला माणूस भाजून निघतो. यातला तिसरा मार्ग फिटर एका रात्रीत खोडून टाकतो. त्याच्या डोळ्यांपुढे मागची झोपडी येते. उरले वजन आणि स्प्रिंग.

इथे मीही एक गोष्ट ठरवून टाकली. कादंबरीत वजन असेल, घाम असेल, पण ज्यावरून कुणी काही घडवू शकेल असे एकही माप नसेल. सालेकसा आणि देवरी तालुक्यांनी नक्षलवादाची दहशत वर्षानुवर्षे सोसली आहे. देवरीला लागून असलेल्या कोरची तालुक्यात, मर्दिनटोल्याच्या जंगलात, 13 नोव्हेंबर 2021 रोजी मोठी चकमक झाली. शेजारच्या गडचिरोलीत पोलिसांनी गावठी ग्रेनेड लाँचरही पकडलेले आहेत. कुठल्यातरी झाडाखाली बसून कुणीतरी तेही आधी कागदावरच काढले असणार. थरारासाठी एवढी किंमत मोजायला मी तयार नाही. कुणी याला लेखकाचा भित्रेपणा म्हणाले तरी चालेल.

पुढे कथानकात जवाहरनगर येते. 24 जानेवारी 2025 च्या सकाळी तिथल्या निर्माणीत स्फोट झाला आणि किमान आठ कामगार गेले. त्या दिवसानंतर माझा फिटर आठवडाभर पेन्सिल उचलत नाही. रणांगण तर दूरच, इथे दारूगोळा बनवणाऱ्यांच्याच घरावर घाला पडला. त्या आठवड्याबद्दल मी दोनच पाने लिहिली आहेत. जास्त लिहिवले नाही.

मग एका संध्याकाळी तो पुन्हा कागद उघडतो आणि कोपऱ्यात वजन मांडतो. शस्त्र सहा किलो, त्यात सहा काडतुसांचे जवळपास दीड किलो. बायको तांदूळ निवडता निवडता विचारते, "साडेसात किलो? अन् हे घेऊन डोंगर चढनार कोन जी?"

तो खोडरबर शोधू लागतो.