तारपा, निवेदन आणि मिक्सर
मोखाड्याजवळच्या पोशेऱ्यासारख्या गावातले स्नेहसंमेलन डोळ्यांसमोर आणा. एका माइकवर तारपा, दुसऱ्यावर निवेदन करणारी मुलगी, शिवाय मोबाइलवरचे गाणे. तिन्ही तारा सरळ एकत्र जोडल्या, तर मुलीचा आवाज हरवतो. माइकमधून मिळतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. मोबाइलमधून त्याच्या शेकडो पट. मिक्सर प्रत्येक आवाज आधी स्वतंत्रपणे हवा तेवढा वाढवतो, मगच त्यांची बेरीज करतो.

साधा मिक्सर ही बेरीज अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवतो; पॉवर्ड मिक्सरच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर असतो. डिजिटल मिक्सर आवाजाचे आकडे करतो आणि आपण ठरवलेली मापे लक्षात ठेवतो. शाळेला ४ चॅनेलचा पॉवर्ड मिक्सर पुरतो. वाहून न्यायला एक डबा कमी!

खरी डोकेदुखी शिट्टीची. तारपा वाजवणारा नाचणाऱ्यांबरोबर फिरत राहतो. उघड्या मैदानात माइकपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. मग कोणीतरी तो चॅनेल वाढवतो. कर्ण्याचा आवाज माइकमध्ये परत शिरतो, पुन्हा वाढतो आणि किंचाळतो. चालू माइक २ चे ४ केले, तर ही शिट्टी आणखी ३ डेसिबल लवकर सुरू होते. म्हणून निवेदन चालू असताना तारप्याच्या चॅनेलची पट्टी खाली ओढा. सातवीतल्या एखाद्या मुलीला तिथे बसवून पाहा.